चोचीचं हरीण

सायबेरियातल्या अल्ताईच्या पठारावर चहात मीठ घालतात, आणि रेवती धुरंधर तो आता तोंड वाकडं न करता पिऊ लागली होती. पुण्याहून आलेल्या या पुरातत्त्वज्ञ बाईंकडे कुदळ नव्हतीच. होता तो हिमदर्शक, सुटकेसएवढी एक पेटी. तिच्यातल्या लहरी गोठलेल्या थडग्यात शिरत आणि काजळी असेल तिथे शोषल्या जात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भटक्या घोडेस्वार टोळ्यांचं गोंदण काजळीचं. त्यामुळे थडगं न उघडताच प्रेताच्या कातडीवरची चित्रं पडद्यावर उमटत.

"नुसतं बघणार. हात लावणार नाही," असं तिने मोडक्यातोडक्या रशियनमध्ये एर्केलेईला वचन दिलं होतं. एर्केलेई तिथली मेंढपाळ. थडगं तिच्याच कुरणात होतं.

"बघा. पण एकदाच," एर्केलेई म्हणाली होती. "आमच्या घरात मेलेल्याकडे एकदा बघतात आणि पाठ फिरवतात."

पहिल्याच वेळी खांद्यावरचं हरीण दिसलं. तोंडाला गरुडाची चोच, शिंगांच्या टोकाटोकाला पक्ष्यांची डोकी. मेलेल्या बाईला आभाळात नेणारं वाहन! रेवती हरखून गेली. पण शास्त्रज्ञाचं एका मापनावर समाधान होतं होय? खात्रीसाठी तिने पुन्हा बघितलं. कडा नीट याव्यात म्हणून आणखी एकदा. मग निव्वळ मोहापोटी यंत्र दिवसभर चालूच ठेवलं. एर्केलेई मेंढ्यांमागे गेली होती, विचारणार कोण?

संध्याकाळी पडद्यावरचं हरीण फुटू लागलं आणि रेवतीने झटकन यंत्र बंद केलं. शोषलेल्या लहरींची ऊब झाली होती. जिथे रेघ, नेमका तिथलाच बर्फ वितळला होता आणि कातडी रेघेरेघेने उसवली होती. हे गणित तिला येत होतं. तिने ते करायचं टाळलं होतं.

एर्केलेई परतल्यावर, यंत्र बिघडलं, असं सांगायचं तिच्या ओठांवर आलंही, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली. तिने खरं ते सांगितलं. एर्केलेई चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे ऐकत राहिली, आणि रेवतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चित्र तुमच्याकडे आहे?"

"आहे. अगदी स्पष्ट." रेवतीची मान वर होईना.

"म्हणजे हरीण तुमच्याकडे आलं. ती आता कशावर बसून जाणार?"

"मी... मी पुसून टाकते," रेवती कशीबशी म्हणाली.

"पुसलंत तर ते तिच्याकडे परत जाईल?"

एर्केलेई टोमणा मारत नव्हती. शिकलेल्या बाईला ठाऊक असेल, अशा आशेने ती खरोखरच विचारत होती.