आईच्या उशाचा माइक

दार लोटा आणि जवळ सरका, मला ओरडून सांगवत नाही. ही थाप नाही बरं का. शीतगृहात माझ्याबरोबर नोकरीला होता, त्या वायरमनच्या घरात घडलेलं आहे.

दहा डिसेंबर, गुरुवार. दुपारी तो बाजारातून एक ऑडिओ बोर्ड घेऊन आला. घरी आई अंथरुणाला खिळलेली. बायकोला लहानपणापासून ऐकू येत नाही. ओठ वाचते, तोडकंमोडकं बोलते. याची रात्रपाळी. आईनं हाक मारली तर सुनेला कळणार कसं? म्हणून ही खटपट. आईच्या उशाशी माइक, आणि आवाज आला की सुनेच्या खोलीत दिवा लागायचा.

काडेपेटीएवढा प्रोसेसर, त्यावर यानं बोर्ड पिनेला पिन जुळवून बसवला. सेटिंगच्या दोन ओळी लिहून प्रोसेसरला कळवलं, की बाबा रे, आता तुला कान आलेत. स्पीकर वाजवून पाहिला, वाजला. दिवा लावून पाहिला, लागला. "मला मेलीला एवढं कशाला रे?" आई म्हणाली. तिचा चेहरा मात्र खुलला होता. कामाला उशीर होत होता, हा निघाला.

सकाळी आला तेव्हा आई गेलेली होती. बायको भिंतीला टेकून बसली होती. दिवा लागलाच नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. यानं सेटिंग उघडली. त्या बोर्डाचा माइक मुळात बंद असतो, आपल्याला चालू करावा लागतो. घाईत हा तेवढंच विसरला होता. आईनं किती हाका मारल्या असतील, कोण जाणे. चूक माझी, तुझी नाही, असं त्यानं बायकोला हजारदा सांगितलं. तिला काही पटेना. पुढं बोर्डाला हात लावायचा त्याला धीर झाला नाही. माइक तसाच बंद राहिला.

पुढच्या गुरुवारची रात्र. हा रजेवर होता. डोळ्याला डोळा लागत नव्हता.

दिवा लागला.

आवाज नाही... काही नाही. बायको ताडकन उठली, आईच्या खोलीकडे धावली. बराच वेळ आली नाही... मग दारात उभी राहिली. रडत नव्हती.

"रागावल्या नाहीत माझ्यावर," ती म्हणाली. "विचारतायत..."

"काय?"

"आला का तो, म्हणतायत."

अंधारात ओठ कसे दिसले, ते मला विचारू नका.

तो उठला. उंबऱ्याशी थांबला. आत काळोख... पाऊल पुढं पडेना.

"आई," तो म्हणाला. "आलोय मी."

दिवा विझला.

दोघं तिथंच बसून पोटभर रडली. उजाडल्यावर त्यानं सेटिंग पाहिली. माइक बंदच. मग तो खोलीत गेला. खाटेवर बायकोनं आदल्या संध्याकाळीच धुतलेली चादर ताणून घातली होती. ती चुरगळली होती... पण फक्त भिंतीच्या बाजूनं. कुणीतरी पलीकडे सरकून निजलं होतं. अलीकडच्या काठाला, एका माणसाला टेकता येईल एवढी जागा सोडलेली... तिथं एकही सुरकुती नव्हती.