पुढच्या सीटवरची

‘‘टाकी गंजून गळत नाय काई. सवत पुढं बसली की गळती, एवढंच.’’

चतुराबाई हे शेजारच्या आशाबाईंना सांगत होत्या, मागच्या अंगणात, नळाच्या धारेच्या आवाजाच्या भरवशावर. पण नळ मुकुंदवाडीचा. मधेच गेला. आणि भिंतीअलीकडं भांडी घासत बसलेल्या दमयंतीला ते वाक्य अख्खंच्या अख्खं ऐकू आलं. तिनं तवा दोनदा घासला.

लग्नाला दोन महिने झाले होते. वैजनाथ दुजवर. पहिली मीनाक्षी तीन वर्षांपूर्वी तापानं गेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या काकूंनीच, म्हणजे चतुराबाईंनीच, मीनाक्षीच्या नावाचा चांदीचा टाक काळ्या दोऱ्यात ओवून दमयंतीच्या गळ्यात बांधला होता. नखाएवढी चांदीची चकती, तिच्यावर ठोकलेली बाई, नाक ना डोळे. दुसरेपणावर आलेल्या सुनेनं पहिलीला गळ्यात वागवायची, म्हणजे ती वाट अडवत नाही, अशी रीत. दमयंतीनं वाद घातला नाही. ती वाद घालणाऱ्यांतली नव्हतीच.

वाद होता तो जीपचा. वैजनाथच्या वडलांच्या वेळची पेट्रोलची जीप, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. दमयंती तीनदा पुढं बसली, तीनदा टाकी पाझरली. वैजनाथ दर वेळी काही न बोलता खाली उतरायचा, डॅशबोर्डच्या खणातून कपड्याच्या साबणाचा तुकडा काढायचा आणि भोकावर घासून गळती बुजवायचा. त्या तुकड्याच्या एका बाजूला अंगठ्याचा ठसा होता. बारीक, बाईचा. वैजनाथ साबण नेहमी दुसऱ्या बाजूनं झिजवायचा. एकदा तो पंक्चर काढायला गेला असताना दमयंतीनं त्या ठशात आपला अंगठा ठेवून पाहिला. मावला नाही.

मेलेल्या बाईचा हेवा करणं लई अवघड. तिच्याशी भांडता येत नाही, आणि ती कधी चुकतही नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनी जोडीनं पैठणला जायचं होतं, लग्नानंतरचं पहिलं देवदर्शन. म्हणून नळ गेला त्याच दिवशी मिस्त्री घरीच आला. टाकी उतरवली, पेट्रोल काढून घेतलं. मूठभर खडी आणि पाणी आत घालून तासभर घुसळली तेव्हा चहासारखा लाल गंज बाहेर आला. मग खडी काढून, टाकी काठोकाठ पाण्यानं भरून, भोकाची जागा तेवढी वर ठेवून त्यानं झाळ मारून भोक बुजवलं.

‘‘पाणी कशाला?’’ दमयंतीनं विचारलं होतं.

‘‘आत वास राह्यला ना भाभी, तर टाकी फुटती. रिकामी दिसती, पण रिकामी नसती.’’

संध्याकाळी पाणी ओतून त्यानं टाकी सगळ्यांसमोर उलटीसुलटी हलवून दाखवली. ‘‘ऐका. खडा नाय आत.’’ मग ती दोन विटांवर पालथी टाकून वाळत ठेवली. सकाळी येऊन बसवतो म्हणाला.

रात्री साडेनवाला लाईट गेली. अमावस्या होती. सगळे अंगणात सतरंजीवर बसले. चतुराबाईंच्या यजमानांनी, काकासाहेबांनी, सुपारी कातरायला घेतली, पालथ्या टाकीकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘‘गळक्या टाकीवरनं आठवलं. सांडू नावाचा एक जीपवाला होता आमच्या वळखीचा, गंगापूरचा.’’

‘‘झालं सुरू,’’ त्यांचा मुलगा कारभारी मांडीवरच्या मांजराला म्हणाला.

‘‘ऐक तर, भाड्या. खरी गोष्ट हाय. चौऱ्याण्णव साल, पौषातली अवस, वार गुरुवार. सांडूची बायको आवडाबाई वारून वर्ष झालेलं. दुसरी केलेली, द्वारका, दौलताबादची. सांडू तिला माहेरून आणायला गेला. जेवला-खावला, सासूनं गुळाची ढेप दिली, नऊला निघाले.’’

‘‘रात्रीचं कशाला निघायचं?’’ वैजनाथ म्हणाला.

‘‘सकाळी सीटा भरायच्या होत्या ना त्याला. तर किल्ल्याखालून वळले आन् पेट्रोलचा वास. सांडू उतरला, बॅटरी मारून बगतो तर थेंब थेंब. साबण शोधतो तर साबण नाय. म्हणाला, आवडा असती तर साबण कनवटीलाच असता. द्वारका गप. गूळ लावून बगतो, टिकंना. म्हणाला, आवडाच्या हाताला यश होतं. द्वारका गप. पुन्हा म्हणाला, आवडा...’’

काकासाहेब थांबले. चतुराबाई उगाच खाकरल्या. दमयंतीचा हात गळ्याशी गेला. टाक होता. थंड होता.

‘‘...तशी द्वारका उतरली. गळ्यातला टाक तोडला. आवडाचाच टाक. म्हणाली, घ्या तुमची आवडा, लावा तिलाच. आन् गुळाच्या गोळ्यात टाक दाबून तिनं स्वतः भोकावर मारला. गळती बंद.’’

‘‘शाब्बास,’’ कारभारी म्हणाला.

‘‘शाब्बास नाय रे. जीप सुरू केली. मैलभर गेले. खड्डा आला. सीटखाली वाजलं... टण.’’

कारभारीचा हात मांजराच्या पाठीवरच थांबला.

‘‘सांडूला वाटलं, नट ढिला. पुढं खड्डा. टण. मग सपाट रस्ता लागला. तरी टण. त्यानं गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. वारा नाय. काय नाय.’’

सुपारी कातरायची थांबली.

‘‘टण.’’

‘‘काका...’’ वैजनाथ म्हणाला.

‘‘द्वारका उतरून मागं जाऊन बसली. तेव्हा वाजायचं बंद झालं. सकाळी मिस्त्रीकडं टाकी उतरवली. गूळ जागच्या जागी. गुळात टाक नाय. टाकी हलवली... टाक आत. भोक सुईएवढं. टाकीच्या तोंडाला जाळी, डाग दिलेली, शाबूत. मिस्त्री म्हणाला, मी हिला हात लावत नाय. सांडूनं टाकी भंगारात टाकली. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्यानं ती गुपचूप आणून दारात ठेवली. पैसं सुदिक मागितलं नाय.’’

‘‘आणि द्वारका?’’ हे दमयंतीनं विचारलं. तिचा आवाज त्या रात्री पहिल्यांदाच ऐकू आला, त्यामुळं सगळे दचकले.

‘‘ती?’’ काकासाहेब तिच्याकडं बघायला वळले, आणि अंधारातही त्यांना तिच्या गळ्यातला काळा दोरा दिसला असावा. आपण कुणासमोर काय सांगितलं हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. ‘‘ती... असंल की. चांगली असंल. जुन्या गोष्टी हायती, सूनबाई. मनावर...’’

टण.

आवाज बारीक होता. पण अंगणात दुसरा आवाजच नव्हता.

‘‘मांजर,’’ कारभारी म्हणाला. मग त्यानं मांडीकडं पाहिलं. मांजर तिथंच होतं. कान टवकारून.

वैजनाथ उठला. टाकीपाशी गेला. हात पुढं केला... आणि मागं घेतला. तसाच उभा राहिला. दोन महिन्यांत दमयंतीनं त्याची पाठ बरीच वाचली होती. ही पाठ घाबरलेली नव्हती. ही पाठ वाट बघत होती.

ते तिला भुतापेक्षा जास्त लागलं.

टण.

‘‘सूनबाई,’’ चतुराबाई सतरंजीवरनंच म्हणाल्या, ‘‘उद्या तू मागंच बस गं माय. म्या हात जोडते.’’

आणि वैजनाथ नको म्हणाला नाही. मागं वळलासुद्धा नाही.

दमयंतीनं गळ्याशी हात नेला. दोरा होता. मानेवरची गाठ काकूंनी मारली तशीच होती, पक्की, दुहेरी. तिनं दोरा बोटांनी फिरवला, पुढून मागं, मागून पुढं. सगळा फिरला. कुठं अडला नाही.

टाक नव्हता.

तिनं बोटं नाकाशी नेली. पेट्रोलचा वास येत होता.

हे कुणाला सांगावं, असं तिच्या मनात आलं नाही. ती उठली. घरात गेली. अंधारातच फडताळ चाचपून कपड्याच्या साबणाची नवी वडी घेतली, कागद फाडला आणि बाहेर आली. वैजनाथच्या शेजारी उभं राहून तिनं वडीवर आपला अंगठा दाबला. जोर लावून. मग ती वडी त्याच्या हातात दिली.

‘‘ही खणात ठेवा. जुनीच्या बाजूला,’’ ती म्हणाली. आणि मग सतरंजीवरच्या सगळ्यांकडं वळून, चांगली मोठ्यानं:

‘‘उद्या मी पुढंच बसणार. मीनाक्षीताईंना म्हणावं, जरा सरकून घ्या.’’