काढू की ठेवू

लाईट आली की तुमचं मशीन बघतो. तोवर बसा, आणि ती मेणबत्ती जरा आत सरकवा, वारा आहे. तुम्ही विचारलंत तोच प्रश्न माझ्या दुकानात महिन्यातून दहा जण विचारतात. कंप्युटरवर मोठा सर्व्हिस पॅक टाकला, आता तो ठेवू की काढू? पूर्वी मी डोळे झाकून उत्तर द्यायचो. आता देत नाही. का ते सांगतो. हसायचं असेल तर शेवटी हसा, मधे नको.

दोन हजार आठ सालचा ऑक्टोबर. आचऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीतून किरणचा फोन आला. किरण मासेमारी करणारा, स्वतःची होडी असलेला, सरळ माणूस. घरी इंटरनेट घ्यायचं होतं, त्यासाठी नवा सर्व्हिस पॅक टाकायला हवा होता, आणि डिस्क भरून गेली होती. मी सीडी घेतली आणि मालवणहून सकाळच्या एसटीने निघालो. तासाभराचं काम, दुपारी जेवून परत, असा माझा हिशेब.

घरात चार माणसं. किरण, साडेतीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको योगिनी, त्यांची दोन-अडीच वर्षांची सलोनी आणि किरणची आई चंद्रावतीकाकी. धाकटा भाऊ कौस्तुभ चार वर्षांपूर्वी समुद्रात गेला. गणपती पोचवून दोन दिवस झाले होते, पहाटे होडीवर गेला, होडी आली, हा आला नाही. शरीरही मिळालं नाही. कंप्युटर त्याचाच. किरणने मला माजघरात तो दाखवला आणि जेटीवर बर्फ आलाय म्हणून निघून गेला. योगिनी बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, सुकट वाळत घालत होती आणि सलोनी तिच्याजवळ काठीने करवंटी बडवत बसली होती. काकी माजघराच्या उंबऱ्याला टेकून, पडवीच्या दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. आल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मशीन अगदी कोंबलेलं होतं. फालतू फायली काढल्या तरी जागा पुरेना. मग मला ते फोल्डर दिसलं. तुम्हाला समजेल असं सांगतो. सर्व्हिस पॅक म्हणजे विंडोजच्या दुरुस्त्यांचा गठ्ठा. तो टाकताना मशीन आपल्या जुन्या फायली एका कोपऱ्यात जपून ठेवतं. पुढेमागे पॅक काढावासा वाटला तर त्या पुन्हा जागेवर बसतात आणि मशीन होतं तसं होतं. त्या फायली उडवल्या की परतीचा रस्ता बंद. चार वर्षांत ज्याला परत जायचं सुचलं नाही तो आता कशाला जातोय? मी फोल्डर निवडलं.

"त्याका हात लावू नको."

आवाज चढवलेला नव्हता. मी वळून पाहिलं. काकी पडद्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, नजर जमिनीवर होती.

"काकी, जुनो कचरो आसा तो," मी हसून म्हटलं. "चार वर्सां पडून आसा. काढल्याशिवाय नवा टाकूक गावाचा नाय."

"कौस्तुभान ठेवलेलो आसा तो. जायच्या आदल्या सांजेक हयसरच बसान ता काय ता घातल्यान. माका म्हणालो, आये, काय बिघाडला तर ह्यां बटण दाबूचा. सगळा पयल्यासारखा होता." त्या थांबल्या. "सगळा, म्हणालो."

आईच्या जिवाला काय म्हणावं! पोरगं मशीनचं सांगत होतं, हिने ते संसाराचं धरलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी घाईही होती. म्हटलं, "मग दाबलास कित्या नाय?"

"देवळात जाऊन कौल लावलंय," काकी म्हणाल्या.

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला देवाचा कौल घेतात, तुम्हाला ठाऊक असेलच. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, भाऊबंदकी, सगळ्याला कौल. पण कंप्युटरचा पॅक काढू की ठेवू याचा कौल लावणारी बाई मी तेवढीच पाहिली.

"काढू काय, इचारलंय. डावी पडली. मग ठेवू काय, इचारलंय. तेव्हाय डावीच. गुरवान हात जोडल्यान. म्हणालो, चंद्रावती, ह्यां तुजा तूच बग." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "तवसून मी हयसर बसान रवतंय. दाबूकय नाय आणि कोणाक उडवूकय देवक नाय."

शहाण्या माणसाने इथे उठून किरणची वाट बघितली असती. मी अतिशहाणा. मला वाटलं, बटण दाबून दाखवलं की तिच्या मनातली भीती जाईल. शेवटी 'नाही' म्हटलं की काही होत नाही. म्हटलं, "काकी, हडे बग. फक्त दाखवतंय. काय एक होवचा नाय."

"यादी येतली," त्या पटकन म्हणाल्या. "ती वाचू नको रे बाबा..."

तिला यादीचं कसं ठाऊक, हा विचार माझ्या डोक्यात आला तेव्हा बटण दाबून झालं होतं.

यादी येतेच. पॅक काढायला घेतला की मशीन आधी बजावतं, या पॅकनंतर जे जे आलं ते यापुढे नीट काम करणार नाही, तरी पुढे जायचं का? शेकडो वेळा पाहिलेली यादी. वर प्रिंटरचं नाव, मग लहान मुलांच्या अक्षरओळखीचा एक खेळ, मग फोटो बघायचा प्रोग्राम. त्याखाली मराठी सुरू झाली. त्या मशीनवर मराठी अक्षरं नव्हती. किरणची मराठी पत्रं उघडली की नुसते चौकोन दिसायचे. तरी ती अक्षरं स्वच्छ होती.

विहिरीवरचा पंप.

मागीलदारची माडाची दोन रोपं.

पडवीवरचे पत्रे.

योगिनी.

सलोनी.

आणि खाली दोन बटणं. होय. नाही.

कुणीतरी चेष्टा केली असेल असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात वास आला. ओल्या जाळ्यांचा आणि डिझेलचा, होडी वर ओढल्यावर येतो तसा. किनाऱ्यावरचं घर, वास येणारच. पण तो मागून, पडवीच्या बाजूने येत होता, आणि त्याबरोबर जमिनीवर पाणी ठिबकत असल्याचा आवाज. भर दुपारचं ऊन होतं. पडवीच्या कोबावर काही ओलं असायचं कारण नव्हतं.

मी वळणार, तर काकी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मागे बगू नको. बगलस तर तुका ऱ्हवाचा नाय. दया येतली."

"कोण आसा?"

"रोज येता... जेवणां झाली काय येता. दारात उभो ऱ्हवता, यादी वाचून दाखयता. आये, दाब, म्हणता. आये, थंडी लागता, दाब..."

मी 'नाही'वर न्यायला माऊस धरला. तो ओला होता. बाण सरकला, पण दुसऱ्या बाजूला, 'होय'कडे. मी दोन्ही हातांनी माऊस दाबून धरला. टेबलावरून तो हलत नव्हता, तरी पडद्यावर बाण हळूहळू जात होता. आणि मग माझ्या लक्षात आलं की करवंटीचा आवाज थांबलाय.

"सलोनी?" खळ्यातून योगिनीचा आवाज. "गो सलोनी, अशी कित्या बसलंस?... काठी कित्या टाकलंस?... आवो आये! आये, हडे येवा... चेडू डोळे मिटीना! हात थंड पडलो तिचो!"

मी वायर उपटावी म्हणून खाली वाकलो, पण त्या अवस्थेत बंद केलं तर मशीन कुठल्या बाजूला जाईल हे मला तरी कुठे ठाऊक होतं? वीस वर्षांच्या माझ्या धंद्याची अक्कल तिथे संपली. मी वर बघितलं. काकी उठून टेबलाशी आल्या होत्या.

"खंय दाबूचा?" त्यांनी विचारलं. "चेडू ऱ्हवाक होया तर खंय?"

मी बोट ठेवून 'नाही' दाखवलं. त्या बाईने जन्मात कधी माऊस धरला नसेल. तिने हात ठेवला आणि बाण थांबला. तिच्या हाताला त्याने ओढलं नाही. तिने पडवीकडे मान न वळवता बोलायला सुरुवात केली, आजारी मुलाला औषध देताना आई बोलते तशी.

"कौस्तुभा... बाबा माज्या. तुजी जागा मी चार वर्सां धरून ठेवलंय. आता ती जागा भरली रे. ह्या चेडवान काय केल्यान तुजा? तू जा. माका शिव्या घाल आणि जा..."

पाणी ठिबकत राहिलं. काकींनी बाण 'नाही'वर नेला आणि दाबलं.

यादी गेली. खळ्यात सलोनीने टाहो फोडला. रडण्याचा आवाज मला इतका गोड पुन्हा कधी लागला नाही. योगिनी तिला उराशी धरून आत आली, दोघीही घामाने भिजलेल्या. काकींनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग मला म्हणाल्या, "आता तां काढून टाक."

"काकी..."

"काढ. नायतर उद्या दुपारी मी दाबतलंय. माका माजो भरवसो नाय."

मी फोल्डर उडवलं. सात मिनिटं लागली. काकी माझ्याशेजारी उभ्या राहून शेवटपर्यंत पडद्यावरची पट्टी बघत होत्या. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा पडवीतून एक हुंदका आला, तरण्या मुलाचा. काकींनी दोन्ही हातांनी कान झाकले, पण वळल्या नाहीत. पट्टी भरली आणि वास गेला. पडवीत जाऊन बघितलं तर कोबावर बोटभर पाणी साचलं होतं. चाखून बघायचं धाडस मला झालं नाही. मग मी नवा पॅक टाकला, कारण टाकायला आलो होतो, आणि मिळालेल्या जागेत तो मजेत बसला.

पुढच्याच वर्षी काकी गेल्या. झोपेत, शांतपणे. मी तेराव्याला जाऊन आलो. त्याच सालात किरणला मुलगा झाला, आजोबांचं नाव म्हणून सत्यवान ठेवलं.

आता परवाचं सांगतो, मे महिन्यातलं. किरणने बोलावलं, डिस्क पुन्हा भरली होती. नव्या पॅकनेही आपल्या जुन्या फायली जपून ठेवल्या होत्या, दोन हजार आठच्या त्या दुपारच्या. "ह्यो आता उडवूया मां?" किरणने विचारलं. त्याला त्या दिवसाचं काही माहीत नाही. योगिनी आणि मी त्यावर कधी बोललो नाही.

सलोनी उंबऱ्यावर बसली होती, चार वर्षांची झालीय, पायात पैंजण. मला बघून म्हणाली, "तुमी कालय इल्लास."

"नाय गो बाय," मी म्हटलं, "काल मी मालवणाक होतंय, दुकानात."

"इल्लास. दुपारी. पडवीत उभे होतात, कपडे भिजलेले." ती तोंडातली चिंच चोखत सहज सांगत होती. "आजी दारात हात आडवे घालून उभी होती ना? तिना तुमका आत येवक देवक नाय."

किरण हसला. पोर काहीही बडबडते म्हणाला. भिजलेला पडवीत कोण येतो ते मी जाणत होतो, फक्त आता त्याने माझं रूप घेतलं होतं. मी पडद्याकडे वळलो. फोल्डर निवडलेलं होतं, एक कळ दाबायची तेवढी बाकी होती. पॅक काढायचं बटण कुणी दाबलं तर कुणाचं नाव यादीत येईल हे मला नीट ठाऊक होतं. बाजूच्या खोलीत दहा महिन्यांचा सत्यवान झोपला होता, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

काकींसाठी मी पहिलं फोल्डर उडवलं होतं, सात मिनिटांत. पण या फायलींतल्या दिवशी काकी जिवंत होत्या; त्या उडवल्या तर दार कोण अडवणार?

"काय करूया?" किरणने पुन्हा विचारलं. "काढू की ठेवू?"

मी माऊसवरचा हात काढला आणि म्हणालो, "ऱ्हवांदे."