हाडवैद्याचा फोटो

“चोराने कबूल केलंय. मला फक्त माझं चित्र परत हवं,” प्रॉसरसाहेब इंग्रजीत म्हणाला आणि दौलतच्या मस्तकात तिडीक गेली.

चोर म्हणजे समाधान, दौलतच्या गावचा एसी मेकॅनिक. बुधवारी दिवसा तो प्रॉसरच्या अबुधाबीतल्या व्हिलात कामाला गेला आणि संध्याकाळी पोलिसांनी त्याला उचललं. शनिवारी कोर्ट. म्हणजे तुरुंग, आणि मग कायमची घरी रवानगी.

सुरैय्या मुकादम खासगी तपास करायच्या. दौलत त्यांचा ड्रायव्हर, आणि बाईंची मर्जी असली की मदतनीसही.

“चित्र कुणाचं?” बाईंनी विचारलं.

वेल्समधल्या साहेबाच्या गावच्या हाडवैद्याचं. दीडशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र, हातात कामट्या आणि पट्ट्या. या म्हाताऱ्याने अख्ख्या पंचक्रोशीची मोडलेली हाडं बसवली, हे सांगताना साहेबाचा आवाज जड झाला.

“समाधानचे वडीलही हाडंच बसवतात,” दौलत मराठीत फणकारला. “तो कशाला चोरेल? मंगळवारी माझा कॅमेरा नेला, घरी फोटो पाठवायचेत म्हणून. असा सरळ पोर!”

व्हिलाच्या गेटवर पेशावरचा रखवालदार हमदुल्ला होता.

“मैंने सब की तलाशी ली, बाजी. औज़ार, डिब्बे, ऐसी ही चीज़ें. सब बस में चढ़ गए. सिर्फ मिथुनसाब की पिकअप में पुराने डक्ट का कार्टन गया.”

“फिर समाधान को क्यों पकड़ा?”

“शाम को सब को वापस बुलाया, तो उसने खुद बोला, साब का फोटो मैंने निकाला. पुलिस के सामने भी वही. मिथुनसाब ने अंग्रेज़ी में समझाया.”

म्हणजे कबुली खरीच होती! आता दौलतला समाधानचाच राग आला.

मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत समाधानची एसी कंपनी होती. तिथे त्याचा सुपरवायझर मिथुन खुर्चीत रेलून बसला होता. मूळचा नाशिकचा, बोलायला साखरेसारखा.

“काम कसलं होतं?”

“काही नाही हो मॅडम, नुसता गॅस भरायचा होता. दोन तासांत खलास. पोराची बुद्धी फिरली, आपण काय करणार?”

बाईंनी पर्समधला कॅमेरा काढून भिंतीवरच्या तक्त्यावर रोखला, तसा तो ताडकन उठला.

“ओ मॅडम! इथे फोटो काढायचा नाही. कंपनीची पॉलिसी आहे.”

“माफ करा,” म्हणत बाईंनी कॅमेरा ठेवून दिला.

गाडीत दौलत धुमसत होता. “बाई, त्याने कबूलच केलंय, मग आता...”

“गेल्या ईदला आमच्या घरचा फोटो कुणी काढला?”

“मी.”

“भिंतीवरून?”

दौलतचा आ वासला तो वासलाच.

शुक्रवारी त्यांनी लेबर कॅम्पातून दौलतचा कॅमेरा आणला आणि रोल धुऊन घेतला. शनिवारी सकाळीच मिथुनच्या ऑफिसात प्रॉसर आणि एक पोलीस अधिकारी हजर होते. बाईंनी त्या दोघांना इंग्रजीत सगळं सांगितलं, मग त्या मिथुनकडे वळल्या.

“हा बघ फोटो. भिंतीवर लटकलेला हाडवैद्य. वडिलांना दाखवायला समाधानने काढलेला, कॅमेऱ्याने. आपण फोटो काढतो, म्हणून आपल्या मोडक्या हिंदीत तो ‘निकाला’ होतो. हमदुल्लाला वाटलं, भिंतीवरून काढला. त्याला मराठी येत नाही, त्याची चूक प्रामाणिक. तुझं काय? परवा तूच मला म्हणालास, फोटो काढायचा नाही. मी काय तक्ता उचलून नेणार होते?”

मिथुन दाराकडे बघू लागला.

“पोलिसांना तू मुद्दाम चुकीचं इंग्रजी करून सांगितलंस. आणि नुसता गॅस भरला, तर जुना डक्ट निघाला कुठून?”

गोडाऊन उघडलं. खोक्यात पत्र्याच्या तुकड्यांखाली हाडवैद्य पालथा पडला होता. दुबईच्या एका दलालाला चित्र हवं होतं, मिथुनने कबूल केलं.

“समाधानला काय, इन्शाल्ला सहा महिन्यांत सुटला असता,” तो पुटपुटला. दौलतने त्याची गचांडी धरली. अधिकाऱ्याला मध्ये पडावं लागलं.

दुपारी समाधान बाहेर आला. तीन दिवसांत तो निम्मा झाला होता. दौलत त्याच्यावरच खेकसला, “तोंड शिवलं होतं का रे तुझं? सांगायचं नाहीस?”

“सांगत होतो ना, दादा. विचारेल त्याला सांगत होतो, साब, मैंने सिर्फ फोटो निकाला. दर वेळी ते मान डोलवायचे आणि लिहून घ्यायचे.”