कोपऱ्यातल्या खोलीचा शेजार

गवरा बिस्साच्या घरात पाहुण्यांसाठी ज्या खोल्या होत्या, त्यांत कोपऱ्यातली सगळ्यात स्वस्त. तिला खिडकी नव्हती. तिची मागची भिंत म्हणजे जैसलमेरच्या किल्ल्याचा बुरूजच. पलीकडे दगड, दगडापलीकडे मोकळी हवा, आणि खूप खाली उतारावर बाभळी. तरी त्या खोलीला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही. पाठीवर पिशव्या लादलेली मुलंमुली स्टेशनवरून पायी येत, चारही प्रोळींचा, म्हणजे किल्ल्याच्या दरवाजांचा, चढ चढून धापा टाकत दारात उभी राहत आणि विचारत, "काकीसा, सगळ्यात स्वस्त खोली कोणती?"

"कोपऱ्यातली. पण खिडकी नाही हां."

"झोपायला खिडकी कशाला लागते?"

मग अंघोळीला एक बादली ऊन पाणी, गच्चीवर कपडे वाळत घालायला दोरी आणि दुपारी घरचं जेवण. एवढ्यावर ती खूष असत. किसनलाल, म्हणजे गवराचा नवरा, गेल्यावर हे घर तिने आणि तिच्या धाकट्या दिराने, सांगीदासने, चालवलं. सांगीदास विजेची कामं करायचा आणि उरलेल्या वेळात पाहुण्यांना जीपमधून वाळूवर फिरवून आणायचा. गवराने मात्र किल्ल्याबाहेर मुक्काम असा कधी केला नव्हता. माहेर खाली गावात, सासर वर किल्ल्यात. दोन्हींमधला चढ हाच तिचा सगळा प्रवास. जगभरची माणसं तिच्या चुलीपाशी येऊन जेवून गेली, पण ती स्वतः कुणाची पाहुणी झाली नव्हती.

केरळहून सायकलवर आलेल्या बिजूने पहिल्यांदा शेजाऱ्याचा विषय काढला. फाल्गुनातली सकाळ होती. चहा पिता पिता तो म्हणाला, "काकीसा, तुमचे शेजारचे काका फार चांगले आहेत. मी आज सम गावच्या रस्त्याने जाणार होतो. ते म्हणाले, तिकडे नको, खुडीकडे जा."

"कुठले काका?"

"माझ्या शेजारच्या खोलीतले. काल दुपारी जरा पडलो होतो, तेव्हा भिंतीपलीकडून बोलले. मलयाळम काय सुंदर आहे त्यांचं. आमच्या बाजूला म्हातारी माणसं बोलतात, तसंच."

गवराला हसू आलं. उन्हातून सायकल हाणत आलेल्या पोराला दुपारी काय काय ऐकू येईल, सांगता येत नाही. तिने त्याच्या डब्यात बाजरीचे दोन सोगरे जास्त घातले आणि त्याला वाटेला लावलं.

त्या दिवशी दुपारी समकडून वाळूची आंधी उठली. रस्त्याकडेच्या टपऱ्यांचे पत्रे उडाले, एक ट्रक आडवा झाला. बिजू खुडीत कुणाच्यातरी पडवीत बसून ताक पीत होता, असा संध्याकाळी त्याचा फोन आला. "काकांना माझा नमस्कार सांगा," म्हणाला.

गवराने फोन ठेवला आणि ती कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन उभी राहिली. भिंतीवर वाजवून पाहिलं. भरीव दगड. बोटं दुखली तेवढीच.

पुढच्या थंडीत सोयोन आली, कोरियाची. दुसऱ्याच दिवशी तापाने फणफणली. गवरा दुपारी तिला ताक द्यायला गेली, तर पोरगी भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि रडता रडता हसत होती. सांगीदासला पाहुण्यांमुळे कोरियन भाषा बरी यायची. त्या भाषेत तो उंटसुद्धा विकू शकला असता. त्याला बोलावलं.

"काय म्हणते?"

सांगीदासने डोकं खाजवलं. "म्हणते, शेजारच्या आजी रात्रंदिवस तिच्याशी बोलताहेत. मीठ घालून पाणी पी म्हणाल्या, कपाळावर ओलं फडकं ठेव म्हणाल्या. हिच्या आजोळी बोलतात, तशाच बोलतात म्हणे."

"आजी? बिजू तर काका म्हणत होता."

"भाभीसा, तापात काका काय नि आजी काय."

"बिजूला ताप नव्हता."

सांगीदास उठून बाहेर गेला. मग हातोडी घेऊन आला आणि त्याने भिंत इंचाइंचाने ठोकून पाहिली. कुठेही पोकळ लागली नाही. गच्चीवरून ओणवं होऊन बुरुजाची बाहेरची बाजूही पाहिली. कबुतरंसुद्धा बसू शकणार नाहीत असा सरळसोट कडा.

त्यानंतर कितीतरी दुपारी गवरा आपली कामं आटोपून त्या खोलीत जाऊन पडायची. कान भिंतीला लावायची. एकदा तर मोठ्याने म्हणालीसुद्धा, "मी गवरा. या घरची." भिंत थंड, घट्ट, मुकी. बाहेर मंदिरातली घंटा तेवढी ऐकू यायची. तिला भीती वाटत नव्हती, थोडा रुसवा आला होता. घर माझं, लिंपण माझ्या हातचं, आणि मलाच एक शब्द नाही.

सांगीदास चिडवायचा. "तुम्ही घरच्या पडलात, भाभीसा. तो फक्त वाटसरूंशी बोलतो."

पण मनातून ती त्या शेजाराला मानू लागली होती. कोपऱ्यात उतरलेलं कुणी आजवर वाटेत लुबाडलं गेलं नव्हतं, कुणाची गाडी चुकली नव्हती. परक्यांची लेकरं तिच्या भरवशावर झोपायची, आणि त्यांच्यावर आणखी कुणाचीतरी नजर होती. सकाळी तुळशीला पाणी घालताना ती थोडं पाणी कोपऱ्यातल्या खोलीच्या उंबऱ्यावरही शिंपडायची.

तोर्षा आली ती मावठ लागलेल्या दिवसांत. कलकत्त्याची. नोकरी सोडून निघालेली, चित्तोड, बुंदी, जोधपूर असे किल्ले साध्या डब्यातून आणि सरकारी बसमधून पालथे घालत आलेली. वाळवंटात हा थंडीचा पाऊस पडतो, पण त्या वर्षी थांबेचना. गटारं तुंबली, गल्ल्यांतून पिवळं पाणी वाहू लागलं. किल्ल्याच्या पोटात पाणी मुरतंय, हे लहान पोरंही बोलत होती. मग पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं आणि सगळ्यांनी ओल्या गाद्या गच्च्यांवर टाकल्या. गवराकडे उतरलेली बाकीची मुलंही गच्चीवर ऊन खात बसली.

दुपारी गवरा सोगरे भाजत होती. स्वयंपाकघर कोपऱ्यातल्या खोलीला लागूनच. तोर्षा अनवाणी दारात येऊन उभी राहिली.

"काकीसा, आज जेवण बाहेर करूया? चौकात?"

"का ग? ऊन खायचंय?"

"शेजारून निरोप आहे."

गवराचा हात तव्यावर थांबला.

"काय निरोप?"

"म्हणाले, बाहेर जा. घरच्या बाईला ने, तिच्या दिराला ने, गच्चीवरच्या मुलांना ने. आत्ताच." तोर्षाने मागे वळून खोलीकडे पाहिलं. "रोज किती छान बोलतात माझ्याशी. आईचे मामा सिल्हेटचे, त्यांच्या बोलीत. आज आवाज दमलेला होता. मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाले, आता मला फार वेळ धरवत नाही."

"काय धरवत नाही?"

"तेवढंच म्हणाले."

गवराने गॅस बंद केला. अर्धा भाजलेला सोगरा तव्यावरच राहिला. केर-सांगरीच्या भाजीचं पातेलं तिने तोर्षाच्या हातात दिलं, गच्चीवरच्या मुलांना हाक मारली. ती पोरं हसत, थाळ्या वाजवत खाली उतरली. त्यांना सहल वाटली.

सांगीदास बैठकीत पंख्याची मोटर उघडून बसला होता.

"देवरजी, चला."

"भाभीसा, माझे हात तेलात आहेत. जेवा तुम्ही."

"चला म्हणते ना."

"भिंतीने सांगितलं म्हणून मी थाळी घेऊन रस्त्यावर बसू? गाव काय म्हणेल?"

"गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुमच्या भावाची आण आहे, उठा."

किसनलालची आण तिने आजवर कधी घातली नव्हती. सांगीदासने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेलकट हातांनी तसाच उठला.

ते चौकात पोचले. मंदिराच्या पायरीवर थाळ्या मांडल्या. तोर्षाने वाढायला घेतलं.

आवाज फार मोठा झाला नाही. पोत्यातून धान्य ओतावं तसा, लांबलचक.

मग गल्लीतून पिवळी धूळ आली.

गच्चीवरच्या मुलांतला एकजण हातातला घास धरून तसाच बसला होता.

सांगीदासने गवराचा हात पकडला. त्याच्या बोटांचं तेल तिच्या बांगड्यांना लागलं. तो धरून राहिला.

कोपऱ्यातली खोली, स्वयंपाकघर आणि बैठकीचा अर्धा भाग उतारावरून खाली बाभळींत गेला होता. माणूस एकही गेलं नाही. शेजारपाजारच्यांनी गवराला रडत रडत मिठ्या मारल्या, कुणी पीठ आणलं, कुणी गोधड्या. मजुरांनी ढिगारा उपसला तेव्हा गवरा समोर बसून होती. भिंतीमागे दगड आणि मुरूम ठासून भरलेला निघाला. हात जाईल एवढीही फट कुठे नव्हती. सांगीदास ते पाहून आला आणि त्या दिवसापासून त्याने त्या विषयावर थट्टा केली नाही.

घर पुन्हा उभं करायला वर्ष गेलं. कोपऱ्यातली खोली परत बांधली नाही; तिथे जागाच उरली नव्हती. गवराला एकच रुखरुख होती. इतके जीव वाचवले, आणि आपण साधं "भलं केलंत" एवढंही म्हटलं नाही. म्हणायचं तरी कुणाला, कुठल्या भिंतीला? उंबराही खाली गेलेला.

तोर्षा पुढच्या थंडीत परत आली; गवराला भेटून तिला पुढे नागौरचा किल्ला पाहायला जायचं होतं. तो फक्त वाटसरूंशी बोलतो, ही सांगीदासची जुनी थट्टा गवराच्या डोक्यात घोळत होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "मीही येते."

"तुम्ही? कशा याल?"

"तू येतेस तशी. बसने."

सांगीदासने तिला जुन्या कापडी पिशवीचा बंद शिवून दिला.

पोकरण, फलोदी करत बस नागौरला पोचली. गवरा खिडकीशी बसून सगळा रस्ता न्याहाळत आली होती. खेजडीची झाडं, उंट, ढाब्यावरचा कडक चहा, सगळ्याचं तिला अप्रूप वाटत होतं. जुन्या तटाला लागून एक धर्मशाळा होती. गवराने दारातल्या माणसाला विचारलं, "सगळ्यात स्वस्त खोली कोणती?" विचारताना तिचं तिलाच हसू आलं.

खोली शेवटची होती, तटाला चिकटलेली. आत जाण्याआधी गवरा बाहेरून वळसा घालून आली. तटापलीकडे मोकळं माळरान, शेळ्या चरत होत्या.

जेवून तोर्षा किल्ला पाहायला गेली. गवरा म्हणाली, मी जरा टेकते. दार लोटून ती खाटेवर बसली. कान देऊन ऐकलं. दूरवर पिठाची गिरणी चालू होती, बाकी काही नाही. कुणी तिला हाक मारली नाही.

"मी जैसलमेरहून आले," ती भिंतीला म्हणाली. "भलं केलंत तुम्ही आमचं. सगळी लेकरं सुखरूप आहेत. देवरजीही. एवढंच सांगायचं होतं."

एवढं बोलून तिला फार हलकं वाटलं. डोळे भरून आले. प्रवासाने पाठ अवघडली होती, म्हणून ती खाटेवरून उतरली आणि जमिनीवर बसून भिंतीला टेकली.

पौषातली थंडी, त्या बाजूला दिवसभर सावली. फरशी बर्फासारखी होती, भिंतीचे दगड गार होते. फक्त एका जागी, बसलेल्या माणसाच्या पाठीएवढ्या रुंदीत, ऊब होती.

गवरा हलली नाही.

थोड्या वेळाने ती ऊब हळूच एका अंगाला सरकली, कुणी जागा करून द्यावी तशी. आणि इतका वेळ कुणीतरी एकट्याने धरलेल्या मागच्या दगडांचा थोडासा भार गवराच्या पाठीवर आला.