दाराजवळचं तरट

"पाळकसाहेब, माजी लेक बयो तापानं न्हाई मेली... माज्यापायी मेली!"

आष्ट्याच्या चर्चमध्ये नाथाजी सगळ्यांदेखत बोलला आणि सुलाबाईनं मान वर केली. बयो गेल्यावर पलटणीत भरती झालेला, लढाई संपल्यावर तिथून सुटून, वर्षभर सांगलीच्या गुत्त्यांत लोळून, रक्ताची थुंकी टाकत परवा दारात येऊन उभा राहिलेला हा तिचा नवरा!

"हिनं मला डाक्टर आनाया धाडलं, मी गुत्त्यात बसलो. उजाडल्यावर आलो तवर पोर थंड! वर गावाला सांगितलं, हिनंच हयगय केली. लोकांनी हिच्या तोंडात शेण घातलं, पर हिनं माजं नाव घेतलं न्हाई..."

भर पाणवठ्यावर तिला 'कैदाशीण' म्हणणाऱ्या चंद्राबाईनं पदरात तोंड लपवलं. आता रडून काय उपयोग, बाई! जळायचं ते काळीज केव्हाच जळून गेलं होतं.

मंडळीची रीत कडक. ज्याचा अपराध केला त्यानं उघड क्षमा केली, तरच अपराध्याला प्रभुभोजनाच्या भाकरीत वाटा.

"सुलाबाई, करता क्षमा?" पाळकांनी विचारलं.

शेवटच्या श्वासापर्यंत बयो एकच विचारत होती, "आये, बा आला का गं?" 'केली क्षमा' असं देवाच्या घरात खोटं कसं बोलावं?

"आवं, तिला गळ घालू नका," नाथाजी म्हणाला. "माजी जागा मला ठावं हाय." छाती धरून तो दाराजवळच्या तरटावर जाऊन बसला. वाटा नसलेल्यांची ती जागा.

भाकरीचं ताट फिरत आलं. पहाटे सुलाबाईनंच ती भाजली होती. तिनं हात पुढं केला नाही. उठली, आणि त्या तरटावर त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"सुले, तुजा वाटा हाय की गं!"

"जीभ उचलत न्हाई अजून," ती आसवं गिळत म्हणाली. "पर तुमाला मिळंल तवाच मी खाईन."

नाताळच्या तोंडावर नाथाजीनं अंथरूण धरलं. एका दुपारी तिनंच पाळकांना बोलावणं धाडलं. "केली क्षमा, साहेब... मनापासनं केली!" म्हणत तिनं हुंदका दिला, आणि पाळकांनी आणलेल्या प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात घातला. त्यानं तो कसाबसा गिळला. मगच तिनं आपला खाल्ला.

त्याची नजर विझत चालली तशी ती कानाशी वाकली.

"बयो भेटली तर सांगा तिला," ती म्हणाली, "बा आला म्हनून."