झोपलेल्या सिस्टीममधली रेघ

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्या ताईंच्या कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या. जुनीवर नकाशे उघडायचे, नवीवर अहवाल आणि पत्रं. एकीतून दुसरीत जायचं तर मशीन रीस्टार्ट करा, मग वाट बघत बसा. शेवटी ताईंनीच खटपट करून सोय केली. एक कळ दाबली की चालू सिस्टीम उघड्या फायलींसकट झोपी जायची आणि दुसरी जागी व्हायची. मशीन बंद करायचं कामच नाही.

"दोन सवती एका घरात नांदत नसतात," साहेब म्हणाले होते.

"माझ्या नांदतात."

सोमवारी अहवाल संपवून ताईंनी जुनी उठवली. नकाशात शाळेमागच्या गल्लीत एक लाल रेघ होती. लाल म्हणजे गॅसची पाइपलाइन. ती त्यांनी काढली नव्हती. फायलीवर वेळ होती अकरा वीस. त्या वेळी ही सिस्टीम झोपलेली होती.

ताई असल्या गोष्टींना भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या. चुकून माउस फिरला असेल, म्हणून त्यांनी रेघ पुसली. नवीत जाऊन एक पत्र लिहिलं, परत आल्या. रेघ जागेवर. शेजारी बारीक अक्षरांत खोली: चार फूट.

पुन्हा पुसली. पुन्हा आली, आधीपेक्षा ठळक.

त्याच गल्लीत दुपारी खोदाई सुरू व्हायची होती. यंत्राने. शाळा भरलेली असताना.

ताईंनी बोलावून दाखवलं, तर साहेबांनी पडद्याकडे धड पाहिलंही नाही. "रीस्टार्ट करा, ताई. सगळं सुतासारखं सरळ होईल."

"रीस्टार्ट करणार नाही. आधी खोदाई थांबवा."

"मूळ नकाशात पाइप नाही. म्हणजे जमिनीत नाही."

ताईंनी त्यांच्यासमोरच फोन उचलला आणि मुकादमांना लावला. "यंत्र लावू नका. हाताने खणा. माझ्या जबाबदारीवर, लेखी देते."

साडेतीनला मुकादमांचा फोन आला. "ताई, सापडली. बरोबर चार फुटांवर. गंजलीय पार, वास येतोय. पोरांना बाहेर काढलंय."

साहेबांच्या तोंडून शाबासकी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुनी सिस्टीम काढून टाकण्याचा आदेश घेऊनच आले.

"उठा ताई."

ताई खुर्चीत आणखी मागे रेलून बसल्या. "ती राहणार. आणि मीही इथंच बसणार. आदेशावर तसं लिहून घ्या."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते वाकले आणि त्यांनी भिंतीतला प्लग उपटला.

पडदा काळा झाला. मशीनचा पंखा थांबला. मशीनला बॅटरी नव्हती.

मग पडदा उजळला.

प्लग साहेबांच्या हातातच होता.

जुनी सिस्टीम जागी झाली होती. कुणी कळ दाबली नव्हती. पडद्यावर रेघा उमटू लागल्या: दार, खिडकी, टेबल. हीच खोली.

टेबलाच्या डाव्या बाजूला एक चौकोन आखला गेला. सहा फूट बाय दोन. खोली पाच फूट.

ताईंनी मान वळवली. साहेब टेबलाच्या डाव्या बाजूला उभे होते.

"जोडा तो प्लग," ताई शांतपणे म्हणाल्या.

साहेब दोन पावलं दाराकडे सरकले.

पडद्यावरचा चौकोनही दाराकडे सरकला.